कोरडी म्हणून लिहिलेली विहीर

दयाबाई साळवे वर्षातून चार वेळा खोटं बोलत, आणि तेही टेपनं मोजून.

त्यांचं गाव बोरमाळ, तिसगावच्या वरच्या अंगाला. गावापासून तीन किलोमीटरवर माळावर एक जुनी विहीर आहे. पाण्याची पातळी मोजायला सरकारनं नेमकी तीच निवडली आणि मोजायचं काम गावची जलसुरक्षक म्हणून दयाबाईंच्या गळ्यात पडलं. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप आत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचं. अकरा वर्षं भर उन्हाळ्यातही खडू भिजूनच वर येई. पाणी नऊ मीटरवर, फार तर दहा. आणि दयाबाई कागदावर लिहीत: कोरडी.

यात त्यांचा स्वार्थ काडीचा नव्हता. त्या विहिरीवर ना वीज, ना गावापर्यंत पाइप. पण कचेरीचं गणित अजब. त्या विहिरीत पाणी म्हणजे गावाला पाणी, मग टँकर बंद. पहिल्याच मे महिन्यात तेव्हाचे सरपंच बिभीषण त्यांच्यासोबत माळावर गेले होते. वाकून त्यांनी आत पाहिलं आणि सरळ हात जोडले. "मावशी, पानी लिवलंत तर टँकर जाईल. बायांनी इथून घागरी वाहायच्या व्हय?" दयाबाईंनी लिहून टाकलं. रविवारी चर्चमध्ये देवाची क्षमा मागितली, ती पुढे दर वर्षी चारदा मागावी लागली.

आता त्याच माळाखाली अणुभट्ट्यांचा कचरा पुरायचं घाटत होतं. शाळेच्या पटांगणात मांडव घालून जनसुनावणी बसली. बिभीषण विरोधी समितीचे अध्यक्ष, पोरांच्या डोक्याला काळ्या फिती, सकाळपासून घोषणांनी कान किटलेले. दिल्लीहून आलेले शास्त्रज्ञ मात्र गोड बोलणारे, आणि मराठीत बोलणारे. पडद्यावर आलेख दाखवत ते म्हणाले, "हा कचरा हजारो वर्षं सांभाळायचा, तर त्याचा एकच शत्रू, पाणी. इथे अकरा वर्षांत थेंब नाही. इतकी नेमानं ठेवलेली नोंद आम्हाला दुसऱ्या गावात मिळाली नाही. श्रीमती दया साळवे यांचे मनापासून आभार."

चार टाळ्याही पडल्या. दयाबाईंना त्या कानफटात बसल्यासारख्या लागल्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, ते आकडे खोटे हायेत. मीच खोटे लिवले. हिरीला पानी हाय, लई हाय. तेच झिरपत खालच्या चार गावांला जातंय."

साहेब हसले. "प्रकल्प आला की प्रत्येक गावात अचानक पाणी लागतं, बाई. सही तुमचीच ना?"

"व्हय."

"मग खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा! गाडी काढा की, धा मिनटांचा रस्ता हाय. टेप माझ्या पिशवीतच हाय."

"आजच्या कामकाजात स्थळपाहणी नाही," नगरहून आलेल्या अधिकारी मॅडम म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या, नियमानं चालणाऱ्या होत्या, आणि अशा माणसाशी भांडताही येत नाही. "तुम्ही लेखी द्या. पण अकरा वर्षं खोट्या आकड्यांवर टँकर घेतला, हेही त्यात येणार. आणि विहिरीतलं पाणी स्वतः पाहिलेला एक साक्षीदार लागेल."

इतका वेळ घसा फोडणारा मांडव चिडीचूप झाला.

दयाबाईंची सून ग्रेस पुढे आली. "मी करते सही."

"तुम्ही पाहिलंय पाणी?"

ग्रेस अडखळली. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, त्या माळावर ती कशाला जाते? "न्हाई. पण आई खोटं बोलत न्हाईत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

दयाबाई बिभीषणांकडे वळल्या. "बिभीषणा, तू वाकून बघितलंस. सांग त्यान्ला."

बिभीषण जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, आपला विरोध हायच की. त्यात टँकर कशाला आनता? तुमच्यावर केस हुईल ती येगळीच."

"हुंदे केस! आरं, हजारो वर्सांचं जहर पुरत्यात, अन् तू ह्या उन्हाळ्याचं बघतुस?"

"बाया ह्याच उन्हाळ्यात हायेत, मावशी."

दयाबाईंचा संताप आणखी चढला. अकरा वर्षांपूर्वी याच कारणासाठी त्यांनी पेन उचललं होतं. बिभीषणांना शिव्या घालाव्यात, तर त्यातल्या अर्ध्या स्वतःलाच घालाव्या लागल्या असत्या.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "साक्षीदार नाही ना कोणी?"

बिभीषणांनी झटकन माइक ओढला. "अनुकचरा..."

"हटाव! हटाव!" मांडव पुन्हा दणाणला. सुटका झाल्यासारखे सगळे ओरडू लागले. शेजारच्या कारकुनाला ऐकू जावं म्हणून मॅडम मोठ्यानं सांगत होत्या, "लिहा. ग्रामस्थांचा तीव्र विरोध नोंदवला. पाण्याबाबत पुरावा नाही."

"आरं वरडताय काय नुसते!" दयाबाई हात वर करून किंचाळल्या. "सांगा ना! एकानं तरी सांगा!"

त्यांचा वर गेलेला हात पाहून पोरांना वाटलं, मावशीही घोषणा देतायत. त्यांनी आवाज आणखी चढवला.