फोटोत न आलेली तोंडं

आमची गुड्रुन रविवारी रडायची. एरवी पोर सोन्यासारखी. पण रविवारी इंजिन बंद असायचं.

आमचं घर म्हणजे एकच खोली, तीही रुळांवरून आणून रुळांकाठी उतरवून ठेवलेली. अमेरिकेतल्या त्या डोंगरात जंगलाची तोड वर सरकली की लाकूडतोड्यांची छावणी वर सरकायची, आणि छावणीबरोबर आमची चूलही. दारासमोरून दिवसभर टोरलेफचं ‘शे’ जातीचं वाफेचं इंजिन ओंडके ओढायचं. टोरलेफ माझा नवरा, इंजिनाचा ड्रायव्हर. साधी इंजिनं ज्या चढापुढे हात टेकतात, तो चढ हे दातेरी चाकांचं इंजिन चढतं, पण चाल गोगलगायीची. आवाज मात्र असा, की ऐकणाऱ्याला वाटावं मेलगाडीच निघाली. भटारखान्यातली हुल्दा चालत्या इंजिनाच्या बाजूने चालत टोरलेफला कॉफी द्यायची आणि कप रिकामा झाला की तो घेऊनच परतायची. गुड्रुन त्या आवाजातच जन्मली. छकछकछकछक ही तिची अंगाई. ती थांबली की पोरीने आ वासलाच.

त्या उन्हाळ्यात टिबेट्स फोटोवाला आला. तो वर्षातून एकदाच यायचा, आणि यंदा मी त्याची वाट लग्नाच्या मुहूर्तासारखी पाहत होते. नॉर्वेहून आईचं पत्र आलं होतं. तिचा एक डोळा मोतीबिंदूने गेला होता आणि दुसऱ्यावरही पडदा चढत होता. पाद्रीबाबांकडून तिने लिहून घेतलं होतं, ‘नातीचा फोटो पाठवणार असशील तर यंदाच पाठव. पुढच्या वर्षी आला तर मला तो चाचपून बघावा लागेल.’ आई असंच बोलते. जिथे रडायचं तिथे हसवते.

दुपारच्या जेवणानंतर सगळे इंजिनाभोवती जमले. शे इंजिनाचे पिस्टन एकाच अंगाला असतात, म्हणून फोटोही त्याच अंगाने काढायचा. कुणी पायऱ्यांवर बसलं, कुणी बॉयलरवर चढलं. मुकादम नेल्स मधोमध उभा राहिला. हा नेल्स स्वीडनचा. मिशीला मेण लावून तिची टोकं त्याने सुईसारखी केली होती, कारण एक फोटो मिनेसोटातल्या एका विधवेकडे जायचा होता. हुल्दा त्याला म्हणाली, “जपून हो मुकादम, पोराबाळांचे डोळे फुटतील.” मी गुड्रुनला घेऊन पुढे ओंडक्यावर बसले.

टिबेट्सने इंजिन बंद करायला लावलं. ते धडधडत असलं की त्यावर बसलेली माणसं हलतात, आणि झाडांच्या सावलीत उजेड कमी, म्हणून तीन सावकाश श्वास होईपर्यंत कुणी पापणीही लववायची नव्हती. इंजिन थांबलं. गुड्रुनने भोकाड पसरलं. दूध झालं, खांद्यावर घेऊन झालं, हुल्दाने झाऱ्यावर चमचा वाजवून पाहिला. टिबेट्सने तशातच फोटो उमटवायची एक काच खर्ची घातली आणि मान हलवली. सगळे नीट येतील, म्हणाला, पण बाळाच्या डोक्याच्या जागी कापसाचा बोळा दिसेल.

मग त्याने सांगितलं की आता शेवटचीच काच उरली आहे. बाकीच्या त्याने खालच्या दरीत झाडांचे फोटो काढून संपवल्या होत्या. बाळाला आत ठेवा, त्याने सुचवलं. माणसं खोळंबली होती, फोटो त्यांचाही होता. मी उठले.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. छकछकछकछक. इंजिन तर बंद होतं. वळून बघते तर टोरलेफ. चर्चमध्येही ज्याचे ओठ हलत नाहीत तो माझा नवरा, लाल कानांनी, मिटल्या डोळ्यांनी इंजिन झाला होता. गुड्रुनचं रडणं मध्येच अडखळलं. त्याचा दम संपला तशी ती पुन्हा सुरू झाली.

“एकट्याने हा चढ चढणार नाही तो,” बॉयलरवरून कुणीतरी म्हणालं, आणि त्यानेही सुरू केलं. मग पायऱ्यांवरच्यांनी. टिबेट्स हात हलवत पुढे आला. तोंडं हलली तर तोंडं येणार नाहीत, त्याने बजावलं. बाळ हवं की तोंडं, ते ठरवा.

सगळ्यांनी नेल्सकडे पाहिलं. नेल्सने मिशीच्या दोन्ही टोकांना एकदा हात लावला.

“टोरलेफ,” तो म्हणाला, “तुम्हा नॉर्वेवाल्यांना इंजिनाचा साधा आवाजसुद्धा काढता येत नाही. शीळ कोण घालणार? तुझा बाप?” आणि छाती भरून त्याने अशी शीळ घातली की भटारखान्यामागचं कुत्रं पळालं. मग त्यानेही ताल धरला.

गुड्रुन माझ्या मांडीवर सैल झाली. डोळे उघडे, मूठ गालावर, पापणीसुद्धा लवत नव्हती. टिबेट्सने कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

फोटो महिन्याने आला. गुड्रुन इतकी स्वच्छ आली होती की गालावरची खळी मोजून घ्यावी. तिच्यामागे उभे-बसलेले सगळे दांडगे पुरुष, टोप्या, गेलिस, कुऱ्हाडी लख्ख, आणि नाकाखाली नुसतं धुकं. नेल्सची मिशी तर चिमणीतून निघालेल्या धुरासारखी दिसत होती. तो म्हणाला, की विधवेने पूर्वी एक नवरा नीट पाहून केला होता, आता एक अंदाजाने करेल.

आईचं उत्तर पानगळीत आलं. फोटो तिने खिडकीशी नेला होता, चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ. ‘खळी माझी आहे,’ तिने लिहून घेतलं होतं. ‘पण तिकडच्या पुरुषांना तोंडं नसतात का गं? जावयालाही नाही. पोरी, नशीब काढलंस.’