जायफळ नसलेली कॉफी

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात मिरचीचं पोतं पन्नास किलोचं असायचं आणि मी शेहेचाळीस किलोचा. तरीही तिथे हमाली करणाऱ्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुकादमाला शब्द दिला होता, की सोमवारपासून त्यांचा उदयसिंह टोळीत येईल. कोण कोणाला उचलणार, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

साल १९९६. बी.कॉम. होऊन मला दोन वर्षं झाली होती. मी नोकरी शोधत होतो, म्हणजे सानपाड्याच्या घरात पंख्याखाली पडून तिची वाट बघत होतो. गुरुवारी आबा एक बातमी घेऊन आले. मार्केटातल्या श्यामसुंदर राव नावाच्या कॉफीच्या व्यापाऱ्याला चव बघायला मदतनीस हवा होता. परीक्षा शनिवारी.

"निस्तं प्यायचं आन् कसं लागतंय ते सांगायचं," आबा म्हणाले. "नावं ठेवायचं काम हाय. तुझ्यापरास लायक मानूस घावायचा न्हाई."

"आणि नाही जमलं तर?"

"मग सोमवारी टोळी. मुकादम काय पळून जात न्हाई."

आमच्या घरी पाहुणे आले किंवा ताप आला तरच कॉफी व्हायची. त्यामुळे आईने, म्हणजे शालनबाईंनी, शुक्रवारी तयारी करून घेतली. भरपूर दूध, भरपूर साखर, वर किसलेलं जायफळ. सात कप.

"कशी लागती?"

"जायफळासारखी."

"मग झालं की! हीच कॉफीची चव. ध्येनात ठेव."

मी ध्यानात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत झोपलो.

शनिवारी रावांच्या टेबलावर तीन कप होते. काळी कॉफी. दूध नाही, साखर नाही, पाहुणा नाही, ताप नाही. रावसाहेब चिकमगळूरचे, मराठी पुस्तकातल्यासारखी बोलायचे.

"चमच्याने घ्या आणि आवाज करून ओढा. हवा आत गेली की चव उघडते."

हा पेपर मला येत होता. आमच्याकडे चहा बशीतून ओढायची पद्धत आहे. आबांनी ओढला की शेजारचे दार उघडून बघतात. मी तसा ओढला. रावांचा चष्मा नाकावरून खाली आला.

तिन्ही कप झाल्यावर मी खरं ते सांगितलं. "साहेब, यात कॉफी नाही."

"काय?"

"एकातही नाही. जायफळच नाही."

रावांनी चष्मा परत वर ढकलला. सोमवार मला स्पष्ट दिसायला लागला. त्याला दोरीने बांधलेलं तोंड होतं आणि खाली पन्नास किलो मिरची होती.

"कॉफी नाही, असं धरून चालू," ते म्हणाले. "मग आहे काय?"

"पहिल्यात शेंगदाणे आहेत. भाजताना कुणीतरी बोलत बसलं, म्हणून जरा करपलेले. दुसऱ्यात आवळा. आधी तोंड वाकडं होतं, मग पाणी प्यावंसं वाटतं."

रावांनी पेन उचललं. "आणि तिसऱ्यात?"

"तरटाचं पोतं आणि मिरची."

"अशक्य. तिसरा माल स्वच्छ आहे. मी स्वतः प्यायलोय."

वाद घालायची माझी ऐपत नव्हती. पण मी तिन्ही कप गिळले होते, थुंकायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता माझं हृदय एक्स्प्रेस होऊन धावत होतं आणि तोंड त्याच्या मागे.

"साहेब, हा वास रोज संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी येतो. त्याच्या मागून आबा येतात. हा मला चुकणार नाही. बाकी काहीही चुकेल. बी.कॉम.ला अकाउंट्स चुकलं होतं."

राव उठले. आम्ही गोदामात गेलो. तिसऱ्या मालाची चाळीस पोती भिंतीला लावून ठेवलेली. भिंतीच्या वरच्या झरोक्याची जाळी फाटली होती आणि पलीकडे मिरचीचं गोदाम होतं. वरच्या पोत्यांवर लाल धूळ बसली होती. रावांनी बोट फिरवलं, चाटलं आणि त्यांना ठसका लागला.

"पाच वर्षं या मार्केटात आहे," डोळे पुसत ते म्हणाले. "हवाच अशी असते, असं मला वाटायला लागलं होतं."

त्यांनी त्याच दिवशी पोती हलवली, जाळी बदलली आणि मला एक कोरी वही दिली. "शेंगदाणे, आवळा, जे लागेल ते लिहा. तुमच्या शब्दांत. फक्त जायफळ विसरायला शिका. सोमवारी आठला या."

आबा मुकादमाकडे जाऊन आले. मुकादम म्हणे सुटकेचा श्वास सोडून हसला. टोळीतही माझ्या वजनाची चर्चा झाली होती.

सोमवारी आम्ही दोघं एकत्रच निघालो. मार्केटच्या गेटापाशी आबांनी टॉवेल डोक्याला गुंडाळला.

"आज किती उचलायचंय?" त्यांनी विचारलं.

"बारा चमचे."

आबांनी गंभीरपणे मान हलवली. "दमानं उचल. कमरंतनं वाकू नगंस."