शेठकडचा ड्रायव्हर

अर्धं आयुष्य दुसऱ्याचा ट्रक हाकल्यावर त्याने स्वतःचा घेतला, आणि त्या दिवसापासून नाक्यावरचे सगळे त्याला ‘शेठ’ म्हणू लागले. ट्रक बंद बॉडीचा, जुनाच, पण वरून ताजा निळा रंग मारलेला. घ्यायचा सल्ला मेव्हण्याचा. मेव्हण्याने जन्मात सायकलसुद्धा बाळगली नव्हती, त्यामुळे गाडीच्या धंद्याबद्दल त्याचं मत अगदी स्वच्छ होतं.

“दाजी, किती दिवस चाकरी करणार? स्वतःची गाडी म्हणजे राजासारखं राहायचं,” तो म्हणाला होता.

राजाला पहिल्याच महिन्यात कळलं, की आपल्या राज्यात मानकरी बरेच आहेत. बँकेच्या हप्त्याचा मान पहिला. मग विमा, तो आधी भरायचा आणि काही झालंच तर पैसे का मिळणार नाहीत हे नंतर समजून घ्यायचं. डिझेल पिताना ट्रक आग्रहाची वाट बघत नसे. टायर जोडीने म्हातारे होत आणि जोडीनेच जात. माल मिळवून देणारा दलाल आपला वाटा गाडी हलायच्या आत कापून घेई. परतीच्या रिकाम्या फेरीत मात्र त्याने कधी वाटा मागितला नाही. ती सगळीच्या सगळी शेठची.

गोदामावर तर विचारूच नका. सकाळी लावलेली गाडी उन्हं उतरली तरी रिकामी होत नसे. तिथला कारकून म्हणे, “थांबा की शेठ. तुमचीच गाडी, तुम्हाला कोण जाब विचारणार?”

मग एका चढावर क्लच गेला. गॅरेजवाला ट्रकखालून हात पुसत बाहेर आला तो नातेवाइकांसमोर येणाऱ्या डॉक्टरासारखं तोंड करून. “क्लच तर गेलाच,” तो म्हणाला, “पण वेळेवर आणलीत. आतलं आणखी बरंच जायच्या बेतात होतं.”

ते पैसे बायकोच्या डब्यातून निघाले. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची आणि नवीन मशीनसाठी साठवत होती. डबा रिकामा करून तिने पैसे त्याच्यापुढे ठेवले. विषय काढला तो संध्याकाळी, तो जेवायला बसल्यावर.

“अहो, एक विचारू? बँकेला देता, गॅरेजवाल्याला देता, दलाल तर न विचारता घेतो. ड्रायव्हरला किती देता?”

“कुठला ड्रायव्हर? मीच तर चालवतो.”

“तेच म्हणतेय. त्याला किती?”

“अगं, मी मालक आहे. उरेल ते माझंच.”

“उरतं किती?”

तो पाणी प्यायला.

“तुमचा जुना मालक पहिल्या तारखेला पगार हातावर ठेवायचा,” ती म्हणाली, “तरी तुम्ही त्याला चिक्कू म्हणायचात. तुमच्याकडचा माणूस तर फुकट राबतोय, वर त्याच्या बायकोची शिलाईही जातेय. मालकाला सांगा, तो उद्यापासून येणार नाही.”

तो हसला. ती हसली नाही. सकाळी ट्रकची किल्ली खुंटीवर नव्हती. ती बायकोच्या दोऱ्यांच्या पेटीत होती, आणि पेटी तिच्या मांडीवर. मागितली असती तर तिने दिलीही असती. त्याने मागितली नाही. चहा घेत तो ड्रायव्हरच्या बाजूने विचार करू लागला. मालक झाल्यापासून ही सवय सुटली होती.

त्याने दलालाला फोन लावला. “दर वाढवा. ड्रायव्हरचा पगार सुटत नाही.”

“ड्रायव्हर ठेवलास? मोठा झालास की शेठ.”

“जुनाच आहे. आता पैसे मागतोय.”

“मग त्याला काढून टाक. माझ्या दारात गाड्यांची रांग आहे,” म्हणून दलालाने फोन ठेवला.

ट्रक घरासमोर उभा राहिला. मेव्हणा येऊन धीर देऊन गेला, जाताना बसभाडं घेऊन गेला. हप्त्याची तारीख जवळ आली, आणि एका सकाळी शेठ उठून थेट गाद्यांच्या कारखान्यात गेला. तिथला माल त्याने दलालामार्फत कितीदा तरी नेला होता. मालकीण रोखठोक बाई. त्याने तिला एका फेरीचे आपल्याला काय मिळतात ते सांगितलं.

“एवढेच?” ती म्हणाली. “मी तर जवळजवळ दुप्पट देते.”

दलालाने नुकताच घरावर मजला चढवला होता. तो कोणी बांधून दिला हे दोघांनाही एकदमच उमगलं असावं.

मधला दर ठरला. गाडी तासाभरापेक्षा जास्त खोळंबली तर त्याचे वेगळे. बाईने कसून घासाघीस केली, ट्रकच्या फळ्यांतले वर आलेले खिळे आधी ठोकून घ्यायला लावले, नाहीतर गाद्यांची कव्हरं फाटतात म्हणाली. त्याने तिथेच हातोडी मागून घेतली. बायकोने किल्ली दिली ती महिन्याच्या बोलीवर; महिना भरला की परत पेटीत.

त्या महिन्याच्या अखेरीस त्याने ड्रायव्हरचा पगार आधी बाजूला काढला, मग हप्ता, मग बाकीचे मानकरी. मालकाच्या वाट्याला जे आलं त्यात एक पंक्चर निघालं असतं. बायकोने पगार मोजून घेतला.

“जुन्या मालकापेक्षा कमीच आहे,” ती म्हणाली.

“नवीन धंदा आहे,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी बघू.”

तिने किल्ली पुन्हा त्याच्या हातात दिली आणि अर्धवट शिवलेली बाही पुन्हा मशीनखाली सरकवली.