हातभर अंतरावरून गणित

"लिहा बाई. सहावी, गणित. ब्राह्मण, बसले सात, पास सात. मराठे, बसले एकवीस, पास चौदा."

हेडमास्तर त्र्यंबकराव आकडे सांगत होते आणि इंदिरा तक्त्याचे रकाने भरत होती. उद्या तपासणीचे साहेब यायचे होते. या शाळेवर बदली होऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता.

"अस्पृश्य, बसले नऊ... थांबा, त्यांचं उरकून येतो."

ते उंबऱ्यापर्यंत गेले. पडवीखाली, अंगणात नऊ मुलं बसली होती.

"पाट्या वर!"

नऊ पाट्या वर झाल्या. वर्तमानपत्र नाकाला लावून वाचणाऱ्या त्र्यंबकरावांनी उंबऱ्यातूनच डोळे बारीक केले.

"चूक. चूक. तुझंही चूक. चला, नऊच्या नऊ नापास."

पान लावायला याहून जास्त वेळ लागला असता. इंदिराने तक्त्यावरून मान वर केली.

"मास्तर, इतक्या लांबून दिसलं तरी काय?"

"दिसायचंय काय त्यात? मागची सहा वर्षं काढून बघा, शून्यच आहे. त्यांच्या रक्तातच गणित नाही. तक्ता खोटं बोलतो का?" ते हसले. "घ्या की हातात पाट्या. आणि तसल्या हातांनी घरी जाऊन लेकराला पाजा."

ते हसणं तिला अंगावर काहीतरी सांडल्यासारखं वाटलं. तिने टाक खाली ठेवला.

कुंपणापाशी रखमाजी उभा होता. घाटात रेल्वेच्या कामावर होता तो. पोरीसाठी अर्धा रोज बुडवून आला होता.

"यंदाबी गेलं का वो बाई? दोनदा नापास म्हंजी नाव कमी. मग आमच्यासंगं खडी वाहायचीच की तिनं."

"आबा, चुकलं न्हाई," त्याची मुक्ता अंगणातून म्हणाली. "म्या दोनदा पडताळलंय."

इंदिरा पायऱ्या उतरली. "आण बघू."

मुक्ताने पाटी मातीवर ठेवली आणि सवयीने तीन पावलं मागे सरली.

इंदिरा वाकली. पाटीपासून वीतभर अंतरावर तिचा हात थांबला. पापणी लवेल एवढाच, पण थांबला.

मुक्ताने ते पाहिलं.

"न्हाईतर असू द्या बाई," ती समजुतीनं म्हणाली, "म्या हितूनच वाचून दावते."

इंदिराच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मघापासूनची शिसारी आता तिच्या स्वतःकडेच वळली होती. तिने दोन्ही हातांनी पाटी उचलली. अठरा गड्यांचं बारा दिवसांचं काम, नऊ गड्यांना किती दिवस? चोवीस. पायरीन् पायरी बिनचूक.

तिने उरलेल्या आठही पाट्या एकेक करून हातात घेतल्या. सहा बरोबर होत्या, दोन चुकल्या होत्या.

"मास्तर, नवातले सात पास," ती उंबऱ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली. "रकाना मी भरते, खाली सहीही माझी."

त्र्यंबकरावांनी उंबऱ्यातूनच, आता तिचाही विटाळ होईल असा, धोतराचा सोगा जरा वर उचलून धरला.

कुंपणाशी रखमाजीने मुंडासं काढून तोंड पुसलं.

इंदिराने मुक्ताची पाटी तिच्यापुढे धरली. मुक्ताचा हात पुढे आला नाही.

"खाली ठिवा, बाई," ती हळूच म्हणाली. "मास्तर बघत्यात. तुमालाच तरास व्हईल."

इंदिरा पाटी तशीच पुढे धरून उभी राहिली.