दोन बंद शिंपल्या

मासळीबाजारात गिऱ्हाइकांचे मासे साफ करून देणाऱ्या पाच-सहा बायका होत्या, पण रांग लागायची ती सुरीबाईपुढे. हातात सुरी आणि तोंडात तिच्याहून धारदार जीभ, म्हणून हे नाव पडलेलं. "दादा, हा मासा घरी नेलात तर बायको तुम्हालाही त्याच्यासोबत बाहेर टाकील," असं ती बेधडक सांगायची. शिंपल्या घेणाऱ्यांना तिची ताकीद ठरलेली: वाफेवर तोंड उघडलं ती खायची. नाही उघडलं ती मेलेली, ती सरळ फेकायची. बावीस वर्षं ती हेच सांगत आली होती.

त्या सोमवारी दुपारी ती बाजारातून घरी परतली, तर गल्लीत बायका घोळका करून उभ्या.

"कोणाला काय झालं?" तिनं विचारलं.

"तुझ्या शेजारणीच्या सुनेला नेलं इस्पितळात," दूधवाली म्हणाली. "सकाळपासून उलट्या, जुलाब, अंगात ताप. पोट धरून लोळत होती बिचारी. आणि त्यात आठवा महिना."

 सुरीबाई तडक घरात शिरली आणि पाटावर बसली.  त्या पोरीनं काल काय खाल्लं होतं, ते दोघींनाच ठाऊक होतं. एक ती पोर आणि दुसरी सुरीबाई.

शेजारच्या वहिनी कपडे शिवायच्या. दोन्ही घरांत एकच भिंत आणि मागे सामाईक ओटा. सुरीबाईला मूल नव्हतं. वहिनींचा मुलगा निम्मा तिच्याच मांडीवर वाढला. तो आता कामासाठी परगावी असायचा आणि सून सासूजवळ. सुनेचं पहिलं मूल चौथ्या महिन्यातच गेलं होतं. तेव्हापासून वहिनींनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. हे खाऊ नको, ते उचलू नको. मासळी तर घरात आणायचीच बंद केली.

रविवारी वहिनी मापं घ्यायला बाहेर गेल्या होत्या. सुरीबाईनं लसूण परतून शिंपल्या वाफेवर ठेवल्या आणि झाकण काढताच वास ओट्यावर गेला. पाठोपाठ पोर दारात.

"काकू, दोनच द्या ना. सहा महिने तोंडाला चव नाही."

"तुझी सासू माझी चामडी सोलील."

"त्यांना कोण सांगतंय?"

सुरीबाई हसली. नवऱ्याला ताट वाढून झालं होतं, त्यात बहुतेक सगळ्या गेल्या होत्या. पातेल्यात उरल्या होत्या चार. दोन उघडलेल्या, दोन घट्ट मिटलेल्या. पोर आशेनं बघत होती. दोन शिंपल्या हातावर टेकवून काय पाठवायची तिला, असं सुरीबाईच्या मनात आलं. आणि तिला कुठली अवदसा आठवली कोण जाणे, तिनं सुरीचं टोक घालून त्या मिटलेल्या दोन्ही उकलल्या. आतलं मांस दिसायला चांगलं होतं. वासही नव्हता. पोरीनं ओट्यावर उभ्याउभ्या चारही खाल्ल्या, बोटं चाटली आणि काकूच्या गालाला गाल लावून गेली.

बेकरीत भट्टीवर काम करणारा नवरा पाळी संपवून घरी आला. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"मीही खाल्ल्याच की," तो म्हणाला. "मला कुठं काय झालं?"

"तुला उघडलेल्या दिल्या होत्या."

त्यानं दार लोटून घेतलं. "हे बघ, पोटुशा बाईला शंभर कारणांनी उलट्या होतात. डॉक्टर आहेत, बघतील ते. तू आपण होऊन कशाला गळ्यात घेतेस? उद्या काही बरंवाईट झालं तर गल्ली आपल्याला जगू देईल का? बाजारात तुझ्यापुढे कोण उभं राहील?"

तो वाईट माणूस नव्हता. घाबरला होता. तीही घाबरली होती, म्हणून त्याचं ऐकावंसं वाटलं. ती भांडी घासायला बसली. तेच पातेलं तिनं तीनदा घासलं. वहिनींना फोन लावला, उचलला गेला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मग दूधवालीनं खिडकीतून निरोप दिला: डॉक्टरांना आतड्याचं दुखणं वाटतंय, पोट उघडावं लागेल म्हणतायत.

सुरीबाई ओल्या हातांनीच उठली.

"कुठं निघालीस?" नवऱ्यानं विचारलं.

"पोरीचं पोट फाडायला निघालेत," ती म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

बस येईना. ती चालू लागली, मग पळू लागली. पन्नाशीचं जड शरीर, दिवसभर बसून अवघडलेले गुडघे. दोनदा खांबाला धरून थांबावं लागलं. वाटेत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. थोड्या शिंपल्या खाल्ल्या होत्या तिनं, एवढंच सांगावं. बंद होत्या हे कशाला सांगायचं? ते कोणाला कधी कळणार होतं?

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर वहिनी बाकड्यावर बसल्या होत्या. खांद्यावर मापाची टेप तशीच लोंबत होती. शिवता शिवता उठल्या असणार. सुरीबाईला बघताच त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"आलीस? बरं झालं बाई. माझं डोकं चालत नाहीये. सारखं विचारतायत काय खाल्लं, काय खाल्लं. मी सांगितलं, घरचा भात आणि भाजी, दुसरं काही नाही. तिलाही माझ्यासमोर विचारलं, तीही नाही म्हणाली. आता कागदावर सही मागतायत. मुलगा गाडीत बसलाय, पोचायला रात्र होईल. करू का मी सही?"

 हात सोडवून घ्यावा आणि जिना उतरून जावं, असं क्षणभर सुरीबाईला वाटलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या.

"आजी, ठरलं का? आता थांबता येणार नाही."

"थांबा," सुरीबाई म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. "तिनं काल दुपारी शिंपल्या खाल्ल्यात. मी दिल्या."

वहिनींचा हात सैल झाला.

"किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नीट शिजल्या होत्या का?"

मनात जुळवलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "चार. त्यातल्या दोन उघडल्या नव्हत्या. मी सुरीनं उघडल्या. त्या खायच्या नसतात, मला माहीत होतं."

डॉक्टरीणबाईंनी कागद घडी करून खिशात घातला. "हे सकाळीच कळायला हवं होतं," एवढंच म्हणून त्या झपाट्यानं आत गेल्या. नर्सची धावपळ सुरू झाली.

वहिनी भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"जगाला शिकवतेस ना तू?"

"हो, वहिनी."

"जा आता इथून."

सुरीबाई गेली नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून चढत होते. काय मागावं आणि कोणाकडे, तेही तिला सुचत नव्हतं. संध्याकाळ व्हायच्या सुमारास एका सफाईवालीला विचारल्यावर कळलं, ऑपरेशन टळलं होतं. सलाईन आणि औषधं सुरू होती. पण तापानं कळा सुरू झाल्या होत्या आणि त्या थांबत नव्हत्या.

मंगळवारी सकाळी मुलगी झाली. दोन महिने आधी, वजन दीड किलोही नाही. आई वाचली. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि जगेल की नाही ते कोणी सांगेना.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाजारात सुरीबाईची रांग ओसरली. एक जण तर मासा हातात घेऊन समोर आला आणि पलीकडच्या बाईकडे वळला. सुरीबाईनं त्याला काही सुनावलं नाही. नवरा घरात कमी बोलायचा, पण "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाला नाही, तेवढे उपकार. भिंतीपलीकडे शिवणयंत्र मुकं होतं. पोर घरी आली, बाळ मात्र तिकडेच. दर तीन तासांनी ती बाटलीत दूध काढायची आणि वहिनी ते घेऊन इस्पितळात जायच्या. ओट्यावर समोरासमोर आल्या तरी वहिनी मान वळवायच्या. एकदा पोरीनं आतून हाक मारली, "काकू, मीच मागितल्या होत्या." वहिनींनी दार लावून घेतलं.

नवव्या दिवशी सकाळी दार वाजलं. उंबऱ्याबाहेर वहिनी उभ्या होत्या, एका पायावर भार देऊन. गुडघा टम्म सुजला होता. हातात कापडात गुंडाळलेली बाटली.

"जिन्यावरून पडले," त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "मुलगा कामावर परत गेलाय. पोरीला चालवत नाही. दूध वेळेत पोचायला हवं."

सुरीबाईनं हात पुढे केला आणि मागे घेतला. "मी? माझ्या हातून?"

"दुसरं कोण आहे? मनात अढी आहे ती आहेच. ती आज जायची नाही. पण बाळाच्या पोटी दूध तर जायला हवं." वहिनींनी मोरीकडे बोट दाखवलं. "हात धू. कोपरापर्यंत."

सुरीबाईनं हात धुतले. साबण लावून, नखांत ब्रश घालून, कातडी लाल होईपर्यंत. वहिनी बघत उभ्या होत्या. मग तिनं बाटली घेतली, छातीशी धरली आणि सबंध वाट चालत गेली. बसमध्ये धक्का लागेल याची तिला भीती वाटली.

नर्सनं बाटली घेऊन विचारलं, "बाळाच्या कोण तुम्ही?"

"शेजारीण."

काचेतून तिनं पाहिलं. बाजारातल्या एखाद्या मोठ्या माशापेक्षाही लहान जीव, नाकात नळी, आणि बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. सुरीबाई तिथंच भिंतीला टेकून रडली. नर्सनं तिला रडू दिलं आणि मग वजनाचा आकडा सांगितला.

परत आल्यावर तिनं वहिनींच्या दाराबाहेरूनच सांगितलं, "वीस ग्रॅमनं वाढलंय. दूध सगळं घेतलं. पण डॉक्टर म्हणतात, अजून काही सांगता येत नाही."



"दुपारच्या दुधाला बाराला ये," वहिनी आतून म्हणाल्या. "उशीर करू नकोस."