वॉल्टरच्या मचाणावर

अरुणराव मकासरे यांनी बिबट्या मारला तेव्हा तो साडेचार फुटांचा होता. पुढच्या नाताळापर्यंत तो पाच फुटांचा झाला. मेल्यावरही इतक्या नेमाने वाढणारं जनावर परमेश्वराने दुसरं निर्माण केलं नसावं. लग्नानंतर पन्नास नाताळ रत्नाबाईंनी त्याची वाढ पाहिली होती. नवराबायको कॅरी गावी मुलाकडे राहायला आले तोवर बिबट्या सात फुटांवर गेला होता, आणि अमेरिकेचं अन्नपाणी त्यालाही मानवेल अशी चिन्हं दिसत होती.

गोष्ट शिकारीला बंदी यायच्या आधीची. अरुणरावांचे वडील नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि तिथल्या गोऱ्या डॉक्टरसाहेबाला शिकारीचा नाद होता. कॉलेजच्या सुट्टीत अरुणराव त्यांच्याबरोबर गेले, साहेबाने बंदूक हातात दिली, समोर उसातून बिबट्या निघाला. अरुणरावांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि चाप ओढला. चाप ओढताना डोळे उघडे होते की मिटलेलेच, याचा खुलासा त्यांनी आजवर केला नव्हता. "गोळी माझी, नेम प्रभूचा," एवढं मात्र ते न चुकता सांगत. पुढे ते मिशनच्या शाळेत हेडमास्तर झाले आणि जिल्ह्यातल्या एकूण एक चर्चच्या मंडळींमध्ये त्यांनी ही साक्ष दिली. काही ठिकाणी तर दोनदा.

अशा शूर माणसाच्या घरात यंदा हरणं शिरली. घरात म्हणजे परसात. रत्नाबाईंनी मेथी पेरली होती. ती चांगली वीतभर झाली आणि एका सकाळी पाहतात तर वाफा चाटूनपुसून साफ. वाफ्यात तीन हरणं उभी. पळून जाणं तर लांबच, त्यांनी रत्नाबाईंकडे अशा नजरेने पाहिलं की आता कोथिंबीर कधी येणार?

"अहो," रत्नाबाईंनी हाक मारली, "शिकार आलीय दारात."

अरुणराव लुंगी सावरत आले. त्यांनी दोन्ही हात वर करून "हाऽऽड" केलं. हरणांनी मान वळवून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि टोमॅटोकडे मोर्चा वळवला.

"बिबट्या वेगळा," अरुणराव म्हणाले. "त्याला माणसाची भीती असते."

कुंपण घालावं तर कॉलनीच्या असोसिएशनची परवानगी नाही, कारण कुंपणाने सौंदर्य बिघडतं. हरणांनी कुरतडलेल्या खुंटांनी ते बहुधा वाढत असावं. मुलगा सुशांत म्हणाला, "आई, आपण मेथी फ्रोझन आणू." नात रुचा पंधरा वर्षांची. तिने नुकतंच मांस सोडलं होतं आणि त्याचं पुण्य ती घरात सगळ्यांना रोज थोडंथोडं वाटत असे. ती म्हणाली, "दे वेअर हिअर फर्स्ट, आजी."

"मग भाडं तरी मागायला सांग त्यांना," रत्नाबाई म्हणाल्या.

रविवारी ते सगळे चर्चला गेले. चर्च मोठं होतं. आत कॉफीचा स्टॉल, मोठा पडदा, ड्रमसेट आणि पाळकाच्या अंगात जीन्स. अरुणराव कोट-टाय घालून पहिल्या रांगेत बसत, त्यामुळे नवखे लोक त्यांनाच पाळक समजून हात मिळवत. अरुणराव त्यांचा गैरसमज दूर करत नसत. उपासनेनंतर कॉफी पिताना त्यांनी हरणांचं गाऱ्हाणं सांगितलं आणि त्याला जोडून, ओघातच, बिबट्या सांगितला. ऐकणारा होता वॉल्टर, ऐंशीच्या घरातला उंच, वाकलेला म्हातारा. दर रविवारी दारात उभा राहून लोकांना जागेवर नेऊन बसवायचं काम त्याच्याकडे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. यावरून रत्नाबाईंनी ओळखलं, की या माणसाला घरी वाट पाहणारं कुणी नसावं.

"माझी थोडी जमीन आहे, इथून तासाभरावर," वॉल्टर शेवटी म्हणाला. "शनिवारी या. बंदूक मीच चालवणार, कायदा आहे तसा. पण तुमच्यासारखा शिकारी सोबत असला तर बरं वाटेल."

अरुणरावांची छाती इतकी फुगली की कोटाच्या बटणाची काळजी वाटावी.

सुशांतच्या ऑफिसात त्या शनिवारी सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. सून लतिका फार्मसीत ड्यूटीवर. अरुणरावांना शुगर, वेळेवर खायला लागतं आणि वेळेवर गोळी लागते, पण मागून घ्यायची सवय नाही. तेव्हा रत्नाबाई म्हणाल्या, "मी जाते. पन्नास वर्षं ऐकतेय, एकदा बघते तरी."

शनिवारी पहाटे वॉल्टर पिकअप घेऊन आला. त्याने दोघांनाही भडक नारिंगी जाकिटं दिली. ती चढवून अरुणराव आरशासमोर उभे राहिले. हुबेहूब रेल्वेचा गँगमन! शिवाय थंडी बाधू नये म्हणून त्यांनी डोक्याला खोबरेल, छातीला बाम आणि कोटाला अत्तर लावलं होतं. वॉल्टरने गाडीत दीर्घ श्वास घेतला. हरणाचं नाक फार तिखट असतं, एवढंच तो अतिशय सभ्यपणे म्हणाला, आणि खिडकीची काच खाली केली.

जमीन म्हणजे पाइनचं रान आणि मधे गवताचा मोकळा पट्टा. रानाच्या कडेला चार पायऱ्या चढून जायचं लाकडी खोपटं, समोर लांबट खिडकी, आत तीन खुर्च्या. अरुणरावांनी त्याला मचाण म्हटलं आणि मचाणावर कसं बसावं यावर कुजबुजत व्याख्यान सुरू केलं. श्वास कसा रोखायचा, पापणी कशी लववायची नाही, शिकाऱ्याचे कान झोपेतही कसे जागे असतात. वॉल्टरने ओठांवर बोट ठेवलं. सक्तीचं मौन आल्याबरोबर अरुणरावांची मान छातीवर आली आणि शिकाऱ्याचे कान सोडून बाकी सगळं झोपलं. थोड्या वेळाने घोरणं सुरू झालं.

"उठवू?" रत्नाबाईंनी खुणेने विचारलं.

वॉल्टरने हसून नकारार्थी मान हलवली. उजाडत होतं. गवतावर पांढरं हिव पडलं होतं. रत्नाबाई शाल घट्ट ओढून बसल्या आणि मनात म्हणाल्या, शिकार म्हणजे इतकंच असेल तर मी आयुष्यभर हेच करत आलेय. नवरा घोरतोय आणि मी जागी.

तेवढ्यात समोर हरीण आलं. मोठा नर, डोक्यावर शिंगांचा डेरेदार पसारा. परसातल्या चोरट्यांशी याचं काही नातं असेल असं वाटतच नव्हतं. वॉल्टरने रायफल खिडकीच्या चौकटीवर टेकवली, गाल लावला. रत्नाबाईंनी कानांवर हात ठेवले.

आवाज झाला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी पाहिलं तर वॉल्टरने रायफल खाली घेऊन भिंतीला टेकवून ठेवली होती. हरीण निवांत चरत होतं.

"या खुर्चीवर माझी बायको बसायची," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. त्यांना समजावं म्हणून एकेक शब्द सुटा. "बेट्टी. तिला शिकार आवडायची नाही. विणकाम घेऊन यायची. मागच्या वर्षी गेली."

"सॉरी," रत्नाबाई म्हणाल्या. इंग्रजीत दुःखाला एवढा एकच शब्द का ठेवलाय, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. धक्का लागला तरी तोच.

वॉल्टर समोर बघत राहिला. "रविवारी मी दारात उभा असतो. लोकांना सांगतो, या, बसा. प्रार्थनेला डोळे मिटतो, तर आत काही नाही. वर्ष झालं. एक शब्द नाही निघत. हे पाळकाला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. तुमच्या नवऱ्याची ती गोष्ट ऐकली, म्हटलं, बघा, याला किती सहज जमतं."

रत्नाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं. याला सगळंच सहज जमायचं, झोपसुद्धा. थोरला मुलगा सुमंत नवव्या वर्षी मेंदूज्वराने गेला, तेव्हाही दफनविधीत अरुणरावांनीच उभं राहून प्रार्थना केली होती, खणखणीत आवाजात. सगळी मंडळी म्हणाली, काय विश्वास आहे! रत्नाबाईंनी त्यानंतर दोन वर्षं देवाशी अबोला धरला. चर्चला जायच्या, नाताळच्या करंज्या करायच्या, प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे व्हायच्या. पण आतून एक अक्षर नाही. हे कुणालाच कळलं नव्हतं. कळायला कुणी विचारावं लागतं.

"मी पण," त्या म्हणाल्या. मग इंग्रजी जुळवायला लागल्या. "माय सन. नाइन इयर्स. टू इयर्स आय नो टॉक टू गॉड."

वॉल्टरने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "मग? पुन्हा कसं सुरू झालं?"

"आय स्कोल्ड."

"काय केलंत?"

"स्कोल्ड! फाइट! एक दिवस किचनमध्ये. माझं दूध उतू गेलं. आय सेड, यू टेक माय सन, नाऊ माय मिल्क ऑल्सो?" मराठी आणि इंग्रजी दोन्ही हातघाईवर आली होती, पण त्यांना पर्वा नव्हती. "फुल वन अवर फाइट. ऑल बॅड वर्ड्स. गॉड इज नॉट ग्लास, वॉल्टर. ही विल नॉट ब्रेक."

वॉल्टर हसला. आधी दबून, मग दाबता येईना तेव्हा मोठ्याने, खांदे हलवत. समोरच्या हरणाने मान उंचावली, शेपटीचा पांढरा झेंडा दाखवला आणि दोन उड्यांत पाइनमध्ये दिसेनासं झालं.

अरुणराव दचकून जागे झाले. "गेलं ना? मला चाहूल लागलीच होती. तुम्ही हललात. शिकारीत बायकामाणसांना आणू नये ते यासाठी."

"हो," रत्नाबाई म्हणाल्या. "तुम्ही तेवढे अगदी स्थिर होता."

डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन ते गाडीकडे निघाले. "जरा थांबा," म्हणून वॉल्टर एकटाच गवताच्या पट्ट्यात चालत गेला. तिथे तो टोपी काढून उभा राहिला आणि ओरडू लागला. काय ओरडत होता ते इतक्या लांबून नीट कळत नव्हतं. बेट्टीचं नाव तेवढं दोनदा ऐकू आलं. मग त्याने टोपी जमिनीवर आपटली, पुन्हा उचलली आणि पुन्हा आपटली.

"याला झालं काय?" अरुणराव घाबरले. "साप चावला का?"

"प्रार्थना करतोय," रत्नाबाई म्हणाल्या. "तुम्ही गाडीत बसा."

"ही प्रार्थना?"

"प्रत्येकाला काही हेडमास्तरसारखी जमत नाही."

वॉल्टर परतला तेव्हा त्याचं नाक लाल होतं. त्याने गाडी सुरू केली. वाटेत अरुणरावांनी बिबट्याची गोष्ट पुन्हा सांगितली आणि वॉल्टरने ती पुन्हा, मनापासून, ऐकली.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात वॉल्टर त्यांच्या दारात उभा राहिला. हातात कागदात गुंडाळलेलं हरणाचं मांस होतं. मादी होती, एका गोळीत पडली, म्हणाला. आणि हो, मुलीला सगळं सांगितलं. ती नाताळला येतेय. रत्नाबाईंनी त्याला आधी बूट काढायला लावले, मग आत घेतलं आणि जेवायलाच ठेवून घेतलं. मांस त्यांनी नगरकडच्या काळ्या मसाल्यात रटरटून शिजवलं. लतिकाने सगळ्या खिडक्या उघडल्या तरी वास रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. असोसिएशनने वासाबद्दल अजून काही नियम केलेला नव्हता. रुचासाठी वांग्याची भाजी होती. तिने नाक मुरडत पातेल्यात डोकावलं आणि "इट स्मेल्स ओके, आय गेस" असा निर्वाळा दिला.

सगळे टेबलाशी बसले. अरुणरावांनी घसा साफ केला. त्यांची आभाराची प्रार्थना आदामापासून सुरू होई आणि ताटापर्यंत यायला तिला बराच काळ लागे. पण वॉल्टर म्हणाला, "आज मिसेस रत्नाने केली तर चालेल?"

पन्नास वर्षांत नवऱ्यादेखत रत्नाबाईंनी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. तशी संधीच मोकळी सापडली नव्हती. अरुणरावांचं तोंड उघडंच राहिलं. सुशांत ताटाकडे पाहू लागला.

रत्नाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. डोळे मिटले नाहीत; ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे बघून बोलावं, असं त्यांचं मत होतं. त्या रस्स्याच्या वाफेकडे बघत मराठीत म्हणाल्या, "बापा, बेट्टीला इतक्या घाईने न्यायचं कारण तू अजून सांगितलेलं नाहीस. आमच्या सुमंतचंही नाही. आम्ही विसरलेलो नाही, विचारत राहू. तोवर हा माणूस आमच्यात बसून जेवतोय, त्याबद्दल उपकार मानते. आमेन."

रुचाने न सांगता वॉल्टरच्या कानाशी लागून सगळं इंग्रजीत सांगितलं. सुमंतचं नाव आलं तिथे ती अडखळली. आपल्याला असा एक काका होता, हे तिला धड माहीत नव्हतं. तिने बापाकडे पाहिलं. सुशांतने नुसती होकारार्थी मान हलवली.

"आमेन," वॉल्टर म्हणाला.

"आमेन," अरुणराव म्हणाले. नेहमीचा खणखणीतपणा त्यात नव्हता. त्यांनी बायकोकडे जरा वेळ पाहिलं. "तू अजून विचारतेस त्याला? सुमंतचं?"

"रोज."

अरुणराव गप्प झाले. ही घटना इतकी दुर्मीळ होती की लतिकाने त्यांची शुगर तपासायला मशीन आणलं. ती नॉर्मल निघाली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली मान घालून म्हणाले, "मीपण विचारतो. पण मनात."

रत्नाबाईंनी पातेलं पुढे ओढलं आणि आधी नवऱ्याच्या ताटात रस्सा वाढला, नळीचं हाड शोधून.