विनिपेगचं महिला मंडळ

बस वळणावर दिसली तेव्हा ओफ्रीने छातीठोकपणे सांगून टाकलं, "बघा आजोबा, आली तुमची माणसं! म्हटलं नव्हतं मी?"

आजोबा म्हणजे प्रोस्पेर हद्दाद. वयाने ऐंशीच्या पुढे, रागाने अजून विशीत. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, पायरीवर काठी आडवी धरून ते बसले होते, आणि ही गोष्ट नवलाचीच होती. एरवी अशी बस आली की ते लिंबाच्या बागेत दडी मारायचे. वर्षभर निर-हदास गावात बसच बस! कधी ब्राझीलची, कधी फ्रान्सची, न्यू जर्सीची तर दर आठवड्याला. माणसं उतरायची, जळलेल्या घरांसमोर गप्प उभी राहायची आणि मग जो पहिला म्हातारा हाती लागेल त्याच्या गळ्यात पडून रडायची.

"रडायचं त्यांनी, आणि समजूत मी काढायची!" आजोबा कुरकुरायचे. "वर प्रत्येकजण केक आणतो. मला साखर आहे, हे कुणी कॅनडाला कळवत का नाही?"

पण आज त्यांना बस हवी होती. आज फ्राजीचा वर्षाचा दिवस होता.

फ्राजी त्यांचा धाकटा भाऊ. त्या ऑक्टोबरच्या सकाळी अतिरेकी गावात शिरले, तेव्हा शेजारच्या म्हातारीला पक्क्या खोलीत न्यायला म्हणून तो बाहेर पडला. म्हातारी वाचली. फ्राजीला गोळी लागली, आणि हिवाळाभर दवाखान्यात झुंजून, बदामाला फुलं आली तेव्हा तो गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्यासाठी कादीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणणारे एकटे आजोबाच. आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं, कारण कादीश एकट्याने म्हणता येत नाही. म्हणणारा धरून दहा ज्यू पुरुष उभे असावे लागतात. एक जरी कमी पडला तरी तोंड मिटून घरी जायचं.

काल रात्रीच्या प्रार्थनेला कमी पडले. आज सकाळीही पडले. गावातले अर्धे तरुण राखीव फौजेत, अर्धी कुटुंबं अजून बीरशेवा शहरात भाड्याने. आता उरली फक्त दुपारची प्रार्थना. सूर्य बुडाला की दिवस संपला, आणि फ्राजी पुढच्या वर्षापर्यंत तसाच ताटकळत.

म्हणून ओफ्रीने ही जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. अकरावीत होती ती, गावात सगळ्यात छान इंग्रजी तिचं, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. पाहुण्यांची पत्रं तीच वाचायची. 'कॅनडातल्या विनिपेगच्या सिनेगॉगमधून बस भरून माणसं' एवढं वाचून ती आजोबांकडे धावत सुटली होती. पत्र पुढेही होतं. पण आनंदात पुढचं कोण वाचतं?

बसचं दार उघडलं. जांभळ्या रेनकोटातल्या एक बाई उतरल्या. त्यांच्या मागे हातात विणकाम धरलेल्या दुसऱ्या. मग तिसऱ्या. मग जुळ्या बहिणी असाव्यात अशा दोघी, केकच्या डब्यांसकट.

"पुरुष मागच्या बाकांवर असतील," ओफ्री म्हणाली.

बायका उतरतच राहिल्या. अंगण भरलं, तरी बस काही रिकामी होईना. अगदी शेवटी तीन पुरुष उतरले, तिघांच्याही गळ्यात बायकांच्या पर्सा.

आजोबांनी सावकाश मान वळवली. "पोरी, हे काय आहे?"

"हे..." ओफ्रीने खिशातला फोन काढून पत्र शेवटपर्यंत वाचलं. "हे त्यांच्या सिनेगॉगचं महिला मंडळ आहे."

"आणि ते तिघं?"

"सामान उचलायला आणले असावेत."

आजोबांनी डोळे मिटले आणि आभाळाला म्हणाले, "मी दहा मागितले होते. तू ऐकतोस, पण अर्धवट ऐकतोस."

आता प्रश्न मोजणीचा. माणसं आकड्यांनी मोजली की नजर लागते, म्हणून आजोबा पिढीजात पद्धतीने मोजायचे. दहा शब्दांचं एक जुनं वचन आहे, त्यातला एकेक शब्द एकेका डोक्यावर ठेवत जायचा. त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांपासून सुरुवात केली, मग स्वतःची छाती, मग विनिपेगचे तिघे नवरे. शेवटचा शब्द तोंडात आला आणि तो ठेवायला डोकंच उरलं नाही.

"अविनोआम येतो म्हणालाय!" ओफ्रीने घाईघाईने फोन लावला. अविनोआमचा गोठा गावाच्या टोकाला. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "आजोबा, त्याची गाय अडलीय. म्हणतो, वासराचे पाय आलेत, डोकं राहिलंय."

"वा! तिथेही एका डोक्यासाठीच अडलंय."

बसचा चालक साबिर रहात गावचा बेदुइन अरब होता, आणि वर्षभरात गावातल्या प्रत्येकाची कॉफी पिऊन झालेला. वडीलधाऱ्याला घालायची अरबी हाक घालत तो स्टिअरिंगवरूनच ओरडला, "हाज्ज प्रोस्पेर, मी उभा राहू का?"

"तू माझ्या मुलासारखा आहेस रे, पण दहावा नाहीस. बस आणि कॉफी पी."

तेवढ्यात जांभळ्या रेनकोटातल्या बाई पुढे आल्या. त्यांच्या धर्मगुरूंची चौकशी करत ओफ्रीने नम्रपणे विचारलं, "तुमचे रब्बी कुठे आहेत?"

"मीच," बाई म्हणाल्या. "रब्बी डीना."

हे भाषांतर करताना ओफ्रीला आजोबांकडे बघायचं धाडस झालं नाही. पण सांगायचं तर सगळंच सांगून टाकू, म्हणून तिने वर्षाच्या दिवसाची अडचणही रब्बी डीनांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे बायकाही धरतात दहांत. तुमच्या आजोबांची हरकत नसेल तर आम्ही पुष्कळ आहोत."

आजोबा ऐकून गोड हसले. ते गोड हसले की नकार ठरलेला, हे ओफ्रीला ठाऊक होतं. "बाईंना सांग, त्यांच्याकडे हिवाळ्यात डोळ्यातलं पाणीसुद्धा गोठतं म्हणतात. प्रत्येक गावाची रीत वेगळी. जेर्बा बेटावर माझ्या आजोबांच्या सिनेगॉगमध्ये बायका पडद्यामागे बसायच्या, आणि इथेही पडदाच आहे. म्हणजे होता. जळला."

रब्बी डीनांनी वाद घातला नाही. त्या सरळ पायरीवर आजोबांच्या शेजारी बसल्या. ओफ्रीला वाटलं, आता गळ्यात पडणार! आता रडणार! पण बाईंनी दाराशी ठेवलेल्या शेश-बेश या फासे-सोंगट्यांच्या खेळाच्या पटाकडे बोट दाखवलं.

"हा फ्राजींचा?"

"दोघांचा," ओफ्री म्हणाली. "रोज खेळायचे."

"मग जिंकायचं कोण?"

झालं. आजोबा ताडकन उठले. "जिंकायचं कोण? तो लबाडी करायचा! साठ वर्षं! बाहीच्या कडेने सोंगटी पुढे सरकवायचा आणि वर मलाच विचारायचा, 'प्रोस्पेर, तुझी नजर कमी झाली का रे?'"

"मग तुम्ही बोलला नाहीत?" विणकामवाल्या बाईंनी विचारलं.

"बोलायचं काय? मी फासे फुंकून टाकायचो. त्यात माझीपण युक्ती होती."

बायका खो खो हसल्या. ओफ्री भाषांतर करता करता दमली, इतकं आजोबा बोलत सुटले. एका लग्नात फ्राजीने नवऱ्या मुलाचाच बूट लपवला होता. तो गाढवाला फ्रेंच शिकवायचा. ओफ्री लहान असताना मागून येऊन तिची वेणी ओढायचा आणि वर दोष मांजराला द्यायचा. बायकांमध्ये सरळ दोन तट पडले. अर्ध्या म्हणाल्या, सोंगटी सरकवणं ही कलाच आहे. जुळ्या बहिणींपैकी एक दुसरीकडे बघून म्हणाली, "पत्त्यांत हीसुद्धा असंच करते," आणि दुसरी म्हणाली, "पुरावा आण!" नवऱ्यांपैकी मरे नावाचे आजोबा कानातलं यंत्र ठोकत विचारत राहिले, "कोण जिंकलं? कोण जिंकलं?"

ओफ्रीच्या मध्येच लक्षात आलं, की वर्षभरात गावात फ्राजीआजोबांचं नाव निघालं की सगळे आवाज खाली करायचे. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या खोड्यांना हसत होतं.

मग तिची नजर पश्चिमेला गेली. सूर्य निलगिरीच्या शेंड्यांवर टेकला होता. तिने पुन्हा फोन लावला. डोकं अजून राहिलंच होतं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "चुकलं माझं. मी पत्र नीट वाचलं नाही. तुम्हाला उगाच आशा लावली."

 आजोबांनी सूर्याकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं, मग त्या सगळ्या बायकांकडे एकेक करून पाहिलं. जुळ्या बहिणी अजून फ्राजीची बाजू घेऊन भांडत होत्या.

"आत धूळ फार आहे," ते एकाएकी म्हणाले. "छताचं काम चालू आहे. प्रार्थना अंगणात करू."

धूळ तर सकाळीही होती. पण ओफ्री पहिल्यांदाच शहाण्यासारखी गप्प बसली.

अंगणात पुरुष पुढे उभे राहिले, बायका मागे. आजोबांनी सवयीने पडद्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कसला पडदा? लाल रानफुलं होती आणि साबिरची बस.

"आजोबा, पण अजून नऊच..."

"पोरी!" आजोबा गरजले. "माणसं मोजू नयेत, किती वेळा सांगितलं तुला? नजर लागते!"

त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि ते दहा शब्दांचं वचन म्हटलं, कुणाकडेही बोट न दाखवता. शेवटचा शब्द त्यांनी तसाच अंगणात सोडून दिला. ज्याच्या डोक्यावर पडेल त्याच्या डोक्यावर पडो.

"पुरेत," ते म्हणाले आणि प्रार्थना सुरू केली.

कादीशची वेळ आली तेव्हा त्यांचा आवाज आधी कापला, मग सावरला. ओफ्रीला आमेन म्हणायचं होतं, पण वेणीपाशी कुणीतरी ओढल्यासारखं वाटलं, आणि मागे वळून पाहण्यात ते राहून गेलं. मग मागून विनिपेगच्या त्या सगळ्या बायकांचं आमेन असं दणदणीत आलं, की गावातली कुत्री भुंकायला लागली. दुसरं आमेन ओफ्रीचंही होतं, आणि चांगलं मोठं होतं.

शेवटच्या आमेनबरोबर सूर्य गेला. आणि गोठ्याच्या रस्त्याने अविनोआम धावत आला, बूट शेणाने माखलेले, हात कोपरापर्यंत ओले. "आलो! आलो! मी दहावा!"

"कालवड की गोऱ्हा?" आजोबांनी विचारलं.

"कालवड!"

"छान. तुझं झालं, आमचंही झालं."

"झालं?" अविनोआमने घामाघूम चेहऱ्याने सगळीकडे पाहिलं. "मग दहावा कोण होता?"

मरे आजोबा बुटांकडे बघायला लागले. रब्बी डीनांना एकदम रेनकोटाचं बटण लावायचं आठवलं.

"कोण होता म्हणजे?" आजोबा म्हणाले. "मोजलं कुणी?" आणि ओफ्रीकडे वळून म्हणाले, "काय ग इंग्रजीवाले, बघतेस काय? वर्षाच्या दिवशी लोकांना कोरडं पाठवतेस? केक उघडायला सांग. एक तुकडा फ्राजीच्या नावाचा काढ. त्याला साखर नव्हती."

ओफ्रीने फ्राजीच्या नावाचा तुकडा पटावर, त्याच्या बाजूला ठेवला. भला मोठा, चॉकलेटचा. मग ती साबिरला केक द्यायला गेली, आणि जाता जाता तिने मागे वळून पाहिलं.

आजोबा रब्बी डीनांशी फार गंभीरपणे विनिपेगच्या थंडीबद्दल बोलत होते, खुणांनी. आणि बोलता बोलता, बाहीच्या कडेने, तो तुकडा हळूच आपल्या बाजूला सरकवत होते.